वृद्धाश्रमातली आगीची मॉक ड्रिल : रात्रीची कुणी घेतली आहे का?

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. भडगाव-पाचोरा पट्ट्यात, गावापासून जरा बाहेर एक वृद्धाश्रम आहे, तिथलं व्यवस्थापन मी बघतो. तळमजला, वर एक मजला, जिना एकच. अडतीस आजी-आजोबा राहतात. सहा जण पूर्ण अंथरुणाला खिळलेले, दहाएक जण वॉकर किंवा काठीवर, चार-पाच जणांना स्मृतिभ्रंश. दिवसा स्वयंपाकघर, सिस्टर, मावश्या, माळी धरून दहा-बारा माणसं वावरतात. रात्री दोन मावश्या आणि फाटकावर एक वॉचमन.

विश्वस्तांनी १४ एप्रिलला मॉक ड्रिल घ्यायचं ठरवलंय. सकाळी अकराला, नगरपालिकेचा बंब बोलावून, पाहुण्यांसमोर. हेतू चांगलाच आहे. पण अकरा वाजता सगळे जागे, दारं उघडी, हाताशी बारा माणसं. रात्री दोनला काय? कुणी रात्रीची ड्रिल घेतली असेल तर सविस्तर लिहा. शिवाय, अंथरुणावरच्या माणसांना ड्रिलमध्ये उचलायचं का? आणि सांगितलेलं ज्यांच्या पाच मिनिटांत लक्षात राहत नाही त्यांना काय सांगायचं?

जुना_बंबवाला
भाऊ, प्रश्न अगदी मुळावर विचारलात. उभी नोकरी अग्निशमन दलात गेली, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी तारखेचं. १९४४ साली १४ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशमन जवान कामावर असताना गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. पण त्याच दिवशी आंबेडकर जयंती. बंब आणि पोलीस मिरवणुकीच्या बंदोबस्तात, तुमचाही निम्मा स्टाफ सुट्टीवर. आणि एप्रिलच्या मध्यात अकराचं ऊन आपल्याकडे कसं असतं ते वेगळं सांगायला नको. ऐंशीच्या माणसाला त्या उन्हात अंगणात उभं केलं तर आगीआधी उष्माघात गाठेल. सप्ताहातला दुसरा दिवस घ्या, सकाळी साडेसातच्या आत आटपा. तो जनजागृतीचा कार्यक्रम, जरूर करा. त्याला ड्रिल म्हणू नका.

ड्रिल रात्रीच्या माणसांची असते. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली ती मध्यरात्रीनंतर, दहा बाळं गेली. १ जानेवारी २०२३ ला दिल्लीत ग्रेटर कैलास भागातल्या एका वृद्धनिवासात दोन वृद्ध महिला गेल्या, ती वेळ पहाटेची. कॅनडात क्वेबेक प्रांतातल्या लिल-व्हेर्त गावी जानेवारी २०१४ मध्ये वृद्धनिवास जळून ३२ जण गेले, तीही मध्यरात्र, ड्यूटीवर मोजकी माणसं. त्या इमारतीचा एक भाग नवा होता, तिथे पाण्याचे स्प्रिंकलर होते आणि मध्ये आग अडवणारी भिंत होती. तो भाग वाचला. या तिन्ही ठिकाणची माणसं स्वतःच्या पायांनी बाहेर पडू शकणारी नव्हती, किंवा फार थोडी होती. म्हणून तुमचा सगळा आराखडा दोन मावश्या आणि एक वॉचमन या तिघांवर बेता.

आता हिशेब. एका अंथरुणावरच्या माणसाला दोघींनी खाटेवरून उतरवून व्हरांड्यापर्यंत न्यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. त्याला सहाने गुणा. जिना असेल तर तो वेळ वेगळा. आकडा बघितला की लक्षात येईल, सगळ्यांना बाहेर काढायचा आराखडा कागदावरच राहणार. त्यामुळे दोन गोष्टी करा.

पहिली, वरच्या मजल्यावर एकही अंथरुणावरचा माणूस नको. सगळ्या खाटा तळमजल्यावर, शक्यतो स्वयंपाकघरापासून लांबच्या टोकाला. दुसरी, पहिला हात माणसाला, दुसरा दाराला. ज्या खोलीत आग आहे तिथल्या माणसाला बाहेर ओढायचं आणि लगेच दार लावून घ्यायचं. बंद दार धूर बराच वेळ अडवतं. मग त्याच्या शेजारच्या खोल्या रिकाम्या करायच्या, माणसं त्याच मजल्यावर दुसऱ्या टोकाला न्यायची, तिथलंही दार लावायचं. पुढचं बंब आल्यावर. माणसं आगीपेक्षा धुराने जास्त जातात आणि धूर उघड्या दारांतून पसरतो.

अमेरिकेत एनएफपीए १०१ नावाची संहिता आहे. त्यात अशा निवासांसाठी वर्षाला सहा ड्रिल आणि त्यातल्या किमान दोन रात्री, रहिवासी झोपेत असताना, असं लिहिलंय. सगळ्यांना सुरक्षित जागी न्यायला तीन मिनिटांपर्यंत लागले तर एक गट, तेरापर्यंत दुसरा, त्याहून जास्त लागले तर तिसरा, आणि त्याप्रमाणे इमारतीच्या अटी कडक होत जातात. आपल्याकडे राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ च्या भाग ४ मध्ये वृद्धाश्रम संस्थात्मक गटात मोडतात. उंच इमारतींसाठी तिथे पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी आणि नंतर दर सहा महिन्यांनी ड्रिल सांगितली आहे. तुमची इमारत उंच नाही, तरी हेच वेळापत्रक धरा.

सातपुडा
माझं मत सगळ्यांना पटणार नाही, तरी लिहितो. माझे वडील एका संस्थेत होते. तिथे अशीच ड्रिल झाली, अचानक भोंगा वाजवला, आरडाओरडा, "आग, आग, पळा". वडील घाईत उठले, वॉकर सापडला नाही, पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण ते पुन्हा चालले नाहीत. आग लागली नव्हतीच. म्हाताऱ्या माणसांना घाबरवून तुम्ही त्यांचं रक्षण करता असं मला कुणी पटवून देऊ शकत नाही.

सिस्टर_अमळनेर
सातपुडा दादा, तुमच्या वडिलांचं झालं ते फार वाईट झालं. तुमचा राग रास्त आहे. न सांगता भोंगा वाजवणं हा वृद्धाश्रमात गुन्हाच मानला पाहिजे.

आम्ही रहिवाशांना दोन दिवस आधी सांगतो, आदल्या संध्याकाळी प्रार्थनेनंतर पुन्हा सांगतो, आणि सुरू करताना तिसऱ्यांदा. जे स्वतः चालतात आणि राजी आहेत तेवढेच ड्रिलमध्ये उतरतात. अंथरुणावरच्या किंवा फार अशक्त माणसाला ड्रिलसाठी हलवायचं नाही. वर काकांनी सांगितलेल्या संहितेत रुग्णालयांपुरता हाच नियम आहे. त्यांच्या जागी गावातली पोरं रिकाम्या खाटांवर झोपवतो. सराव मावश्यांना हवा आहे, आजींना नाही.

झोपेतून उठवताना दोन गोष्टी हाडात मुरू द्या. बीपीच्या, पाण्याच्या (लघवी वाढवणाऱ्या) आणि झोपेच्या गोळ्या घेणारा माणूस खाटेवरून एकदम उभा राहिला की रक्तदाब उतरतो, चक्कर येते. पाय खाली सोडून क्षणभर बसवायचं, हाताला धरायचं, मग उभं करायचं. खऱ्या आगीतही हा क्षण वसूल होतो, कारण पडलेल्या माणसाला उचलायला दोघी लागतात. आणि वॉकर, चष्मा, चपला रात्री खाटेच्या त्याच बाजूला, रोज त्याच जागी. हे काम रात्री नऊच्या फेरीतच उरकायचं.

ऐकू येण्याबद्दल. वयाबरोबर आधी बारीक, चिरका आवाज ऐकू येईनासा होतो, आणि बाजारातले बहुतेक धूर-अलार्म नेमके तसेच वाजतात. ५२० हर्ट्झच्या आसपासचा जाडा आवाज झोपलेल्या वृद्धांना जास्त जागं करतो, तसे अलार्म मिळतात. पण रात्री कानातलं यंत्र काढून ठेवलेल्या माणसाला कुठलाच आवाज पुरत नाही. खांद्याला हात लावूनच उठवावं लागतं. अशा माणसांच्या खाटेच्या पायथ्याला आम्ही पिवळी पट्टी लावली आहे.

स्मृतिभ्रंश असलेल्यांना "आग" हा शब्द सांगू नका. समोर जायचं, डोळ्यांत बघायचं, हात धरायचा. आमच्या एक मावशी "चाल वं माय, मन्हा संगे" एवढंच म्हणतात आणि आजी निघतात, कारण ती हाक त्यांच्या घरातली आहे. परक्या प्रमाण भाषेत हुकूम दिला तर त्याच आजी खाटेचा दांडा धरून बसतात, "माले नही जानं कोठे". धोका पुढे आहे : बाहेर नेलेला माणूस परत आपल्या खोलीकडे जायला निघतो. म्हणून जमायच्या जागी एक माणूस फक्त त्यांच्यापाशी बसलेला हवा. तुमच्याकडे रात्री तिघंच आहेत, त्यामुळे हे काम एखाद्या चालत्या-फिरत्या, खमक्या आजोबांना द्या. निवृत्त मास्तर किंवा कंडक्टर असले तर सोनं.

लेक_पुण्यात
माझी आई धुळ्याला अशाच संस्थेत आहे. हे वाचून झोप उडाली. बाहेरगावी असलेल्या मुलींनी नेमकं काय बघावं? संस्थेला राग येईल अशी भीती वाटते, कारण आईला तिथेच राहायचं आहे.

जुना_बंबवाला
ताई, रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास जाऊन या. मुख्य दाराला, जिन्याच्या चॅनल गेटला कुलूप आहे का, किल्ली कुणाच्या कमरेला आहे, तो माणूस झोपतो कुठे, एवढं बघा. भांडू नका, विचारा. आपल्याकडे चोरीच्या भीतीने सगळ्या खिडक्यांना लोखंडी ग्रिल आणि रात्री गेटला कुलूप. ही दोन कुलपं मिळून इमारत पिंजरा होते. बाहेर पडायच्या वाटेवर रात्री कुलूप नको, आतून हाताने सरकणारी कडी हवी. चोर बाहेरून आत येऊ नये आणि आजी आतून बाहेर पडू शकावी, दोन्ही एकाच कडीने जमतं. स्मृतिभ्रंशाचे रहिवासी रात्री निघून जातील ही भीती खरी आहे, तिथे कडी जरा उंचावर लावा आणि दार उघडलं की वाजणारी साधी बेल बसवा. प्रत्येक मोठ्या खोलीत निदान एक ग्रिल बिजागरीवर उघडणारं करून घ्या. गावातला वेल्डर एका दिवसात करून देतो.

संस्था ऐकत नसेल तर ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन १४५६७ आहे. पण आधी बोलून बघा. बहुतेक ठिकाणी माणसं वाईट नसतात, कुणी विचारलेलं नसतं एवढंच.

तारतंत्री
मी वायरिंगची कामं घेतो, चाळीसगाव ते जळगाव. एका गोष्टीवर अजून कुणी बोललं नाही : कूलर.

होळी झाली की खानदेशातल्या प्रत्येक खोलीत कूलर चढतो. खिडकीत बसवला की बाहेर पडायची ती एक वाट बंद. फिरता ठेवला तर व्हरांड्यात, म्हणजे वॉकर जायच्या रस्त्यात, आणि त्याची वायर फरशीवरून. वृद्धाश्रमांमध्ये एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर दोन कूलर, फ्रीज आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असं मी डोळ्यांनी बघितलंय. बोर्डला हात लावला तर चटका बसत होता, प्लगच्या पिना तपकिरी पडल्या होत्या. टाकीतलं पाणी संपलं की पंप कोरडा चालून तापतो, आणि बाजूच्या जाळीतलं लाकडी गवत तोवर वाळून कडकडीत झालेलं असतं. पहाटे तीनला टाकी बघायला कुणी उठत नाही.

शिवाय खिडकीतला कूलर बाहेरची हवा आत ओढतो. मागे कचरा पेटला, पालापाचोळा पेटला, की तो धूर थेट खाटेवर. म्हणून ड्रिलमध्ये पहिल्या मिनिटाचं एक काम कूलरचा मेन पाडणं हे असलं पाहिजे. त्यासाठी कूलरची लाइन दिव्यांच्या लाइनपासून वेगळी करून घ्या, नाहीतर मेन पाडला की अंधार आणि त्यात अडतीस माणसं. आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप पडणारा स्विच, बसवा. जिन्यात आणि दारांवर बॅटरीचे दिवे. खर्च फार नाही, एका पंगतीच्या खर्चात होईल.

ऑक्सिजन लावलेल्या खोलीत निरांजन, उदबत्ती, डासांची कॉइल काही नको. त्या माणसाच्या नाका-ओठांना व्हॅसलीनही लावू नका. श्रावणात कानबाई बसली की रात्रभर दिवा तेवतो, तो तेवू द्या, श्रद्धा मोडायची नाही. पण समई पितळी परातीत वाळूवर ठेवा, पडदा हातभर लांब, आणि जागरणाला एक माणूस दिव्यापाशी नेमून द्या.

गिरणाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा छापून विश्वस्तांपुढे ठेवला आणि दोन दिवसांत पुढचं ठरलं. वरच्या मजल्यावरच्या दोन खाटा खाली आल्या. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांची, रास होती, भरितासाठी आणि अंघोळीच्या बंबात पाणी तापवायला साठवलेली. दार निम्मंच उघडायचं, आणि गॅसच्या टाक्या त्याच भिंतीला. रास आवाराच्या दुसऱ्या टोकाला हलवली. कूलरची वेगळी लाइन पुढच्या आठवड्यात.

एक अडचण : उन्हाळ्यात निम्मे आजोबा अंगणात खाटा टाकून झोपतात, काही गच्चीवर जायचा हट्ट करतात. मग रात्री कोण कुठे आहे ते कसं समजायचं?

सिस्टर_अमळनेर
गच्ची बंद करा, खाटा अंगणातच. आणि रात्रीच्या फेरीला फळ्यावर नावं : आत कोण, अंगणात कोण, दवाखान्यात कोण, घरी गेलेलं कोण. फळा फाटकाजवळ, इमारतीच्या बाहेर. आत असलेला फळा आगीत कुणाला वाचता येणार? बाहेर पडल्यावर गणती त्यावरूनच. एखादा माणूस मुलाकडे गेलेला असताना त्याला शोधायला बंबवाले धुरात शिरले, असं होऊ नये.

सातपुडा
सिस्टर, तुम्ही सांगितलंत तशी ड्रिल असेल तर माझा विरोध नाही. गिरणाकाठ, माझं गाव लांब नाही. खाटेवर झोपायला माणूस लागला तर मी येतो.

गिरणाकाठ
रात्रीची पहिली ड्रिल झाली. दीड वाजता. रहिवाशांना सांगून, चालणाऱ्यांपैकी सात जण राजी होते. सहा खाटांवर तरुण मंडळाची पोरं आणि सातपुडा दादा.

घडलं ते तसंच लिहितो. मावशींनी घंटा वाजवली, वॉचमन फाटकावरून धावत आला. एका मावशींनी कूलरचा मेन पाडला, दुसरीने "आगीच्या" खोलीतल्या पोराला काढलं. काढायची पद्धत सिस्टरांनी आदल्या दिवशी शिकवली होती : खाटेलगत जमिनीवर जाड सोलापुरी चादर पसरायची, माणसाला काखेतून धरून आधी बूड, मग पाठ असं खाली सरकवायचं, चादरीचं डोक्याकडचं टोक मुठीत गुंडाळून डोकं जरा उचलून ओढायचं. शहाबादी फरशीवर चादर छान सरकली. एकटी मावशी सत्तर किलोचा पोरगा ओढत नेत होती. मग उंबरठा आला. दीड-दोन इंचांचा, रोज डोळ्यांसमोर असतो. तिथे चादर अडली, ओढल्यावर पोराच्या मणक्याला दणका बसला, मावशीची मूठ सुटली. आजोबा असते तर? प्रत्येक दाराशी तोच खोळंबा. सगळ्यांना पलीकडच्या टोकाला नेऊन दार लावेपर्यंत अकरा मिनिटं गेली, त्यातला बराच वेळ उंबरठ्यांवर.

गवंडी आलाय, उंबरठ्यांना दोन्ही बाजूंनी सिमेंटचा उतार देतोय. वॉकरवाल्यांचीही सोय होईल.

जुना_बंबवाला
शाब्बास. पहिल्याच ड्रिलमध्ये उंबरठा सापडला, यासाठीच ती घ्यायची. त्या मावशींचं नाव घेऊन सगळ्यांसमोर कौतुक करा, आणि रात्रपाळी बदलून पुढची ड्रिल दुसऱ्या जोडीला द्या. महिन्याने नवी मावशी आली तर पहिल्याच रात्री चादर, मेन, कडी आणि फळा हे चार तिला प्रत्यक्ष करायला लावा.

आता बंबाचं बोला. १०१ किंवा ११२ ला फोन कुणी केला? तुमच्या वर्णनात फोन कुठेच नाही. घंटा वाजवणाऱ्याने चालता चालता फोन लावायचा, आणि पत्ता पाठ हवा : कुठल्या फाट्यावरून वळायचं, कुठल्या पुलाजवळ. हे कागदावर मोठ्या अक्षरात फोनपाशी चिकटवा. तालुक्याच्या गावाहून बंब यायला वेळ लागणारच, तोवर धावून येणारं तुमचं गाव. पोलीस पाटील आणि सरपंचांना भेटा, रात्री देवळाचा भोंगा कोण लावू शकतं ते विचारा. फाटकातून बंब आत वळतो का, टाकीचं पाणी बंबाला कुठून देता येईल, हे दलाच्या माणसांना एकदा जागेवर दाखवून ठेवा. सप्ताहात येणारच होते ना ते? त्यांना भाषणाऐवजी ही फेरी मारू द्या.

वॉचमन फाटक सोडून धावला ते मात्र बदला. त्याने आधी फाटक सताड उघडायचं, मग आत यायचं.

लेक_पुण्यात
मी धुळ्याला जाऊन आले. रात्री गेटला कुलूप होतं, किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. व्यवस्थापकांशी शांतपणे बोलले, हा धागाही दाखवला. त्यांनी माझ्यासमोर कडी मागवली. ड्रिलची नोंद कशी ठेवायची असं ते विचारतात.

जुना_बंबवाला
साधी फुलस्केप वही पुरे. तारीख, वेळ, ड्यूटीवर कोण, आग कुठे धरली, पहिला माणूस किती मिनिटांत हलला, शेवटचा किती, कुठे अडलं, ते कुणी आणि कधीपर्यंत दुरुस्त करायचं. शेवटचा रकाना पुढच्या ड्रिलच्या आधी तपासायचा, तो कोरा असेल तर पुढची ड्रिल घेऊन उपयोग नाही. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. तो लागू असलेल्या इमारतींना आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. वही त्याच फाइलमध्ये ठेवा, तपासणीला येणारा माणूस ती आधी बघेल.

गिरणाकाठ, तुमची पुढची ड्रिल जुलैत, पाऊस चालू असताना आणि लाइट घालवून घ्या. अंगणात चिखल असेल, जमायची जागा तेव्हा कुठली ते आत्ताच ठरवा. आणि ग्रिलच्या बिजागऱ्यांना त्याआधी तेल घाला, पावसात गंजून बसतात.